कातीच्या मागावर

पहिला दिवस : गवत

मुक्कामी पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. सामान खोलीत टाकलं न टाकलं तोच सर म्हणाले, "उजेड आहे तोवर माळावर जाऊन येऊ." सरांची उभी हयात प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. सोबत माझी भाची, यंदा नववीत गेलेली, आणि काही हौशी मंडळी. सहलीचा बेत ठरतानाच सरांनी बजावलं होतं की नुसते पंखवाले कीटक बघत फिरायचं नाही. जो दिसेल तो आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, याआधी तो कुठे राहत होता, काय खात होता, हे शोधायचं. त्यामुळे रोजची जागा वेगळी ठरली : गवत, ओढा, झुडपं आणि रात्रीचा पडदा.

गवतात पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंनी नाकतोडे उडत होते. सरांनी त्यातला एक अलगद पारदर्शक डबीत घेतला आणि भाचीच्या हातात भिंग दिलं.

"डोकं, छाती, पोट. सहा पाय," ती लगेच म्हणाली.

"बरोबर. आता पाय कुठून निघालेत ते सांग."

तिने डबी उलटी केली आणि बराच वेळ पाहत राहिली. सहाही पाय छातीतूनच निघतात, पोटाला एकही नाही, हे पुस्तकातल्या चित्रात कितीदा पाहिलं तरी खऱ्या प्राण्यावर पाहताना वेगळंच वाटतं. छातीचे तीन खंड, प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी. पंखांच्या जोड्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडावर. म्हणजे चालणं, उडी मारणं, उडणं ही सगळी यंत्रणा मधल्या भागात. डोक्याकडे मिशांची एक जोडी, दोन मोठे संयुक्त डोळे, त्यांच्यामध्ये तीन साधे डोळे आणि आपल्यासारखे वर-खाली न हलता आडवे मिटणारे जबडे. पोटात पचन आणि प्रजनन. हृदय पाठीच्या बाजूला, एका लांब नळीच्या रूपात, आणि मुख्य मज्जारज्जू पोटाच्या बाजूला, म्हणजे आपल्या नेमका उलट.

डबीतला नाकतोडा स्थिर झाला तेव्हा त्याचं पोट लयीत आत-बाहेर होताना दिसलं. कडेला प्रत्येक खंडावर एकेक बारीक ठिपका होता. ती त्याची श्वासरंध्रं. कीटकाला फुप्फुसं नाहीत, तोंडाने तो श्वास घेत नाही. या रंध्रांतून हवा थेट नळ्यांत शिरते, नळ्यांना फाटे फुटत जातात आणि शेवटचे अतिसूक्ष्म फाटे पेशींपर्यंत पोहोचतात. त्याच्या रक्ताकडे ऑक्सिजन वाहण्याचं काम जवळजवळ नसतंच. मग पोटाच्या पहिल्याच खंडावर, मागच्या पायाच्या मुळाशी, एक चकचकीत पडदा दिसला. तो त्याचा कान. रातकिड्याचा कान पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली असतो, असं सरांनी सांगितलं तेव्हा मंडळींतल्या एकाने तिथल्या तिथे रातकिडा शोधायला सुरुवात केली.

त्याच गवतात एक कोळीही होता. शरीराचे दोनच भाग, आठ पाय, मिशा नाहीत. तो कीटक नाही, एवढं बोलून आम्ही पुढे गेलो.

माळावर एका दगडाशी बसून सरांनी जे सांगितलं, ते या सहलीचं सूत्रच म्हणायला हवं. कीटकाचा सांगाडा शरीराच्या बाहेर असतो. कायटिन आणि प्रथिनांचं ते कवच, स्नायू त्याला आतून जोडलेले. कवच शरीराचं रक्षण करतं, आतलं पाणी वाळू देत नाही, पायांना आणि पंखांना आधार देतं. पण एकदा कडक झालं की ते वाढत नाही. आतला जीव वाढला की जुनं कवच फोडून बाहेर यायचं आणि मऊ आहे तेवढ्या वेळात नवं कवच ताणून मोठं करायचं. कात टाकायची ती अशी. कीटकांच्या जीवनचक्राबद्दल आपण जे काही वाचतो, ते सगळं या एका अडचणीपाशी येऊन पोहोचतं, असं मला त्या संध्याकाळपासून वाटतंय.

परतताना भाचीला अगदी छोटा नाकतोडा सापडला. रूप हुबेहूब मोठ्याचं, फक्त पंखांच्या जागी पाठीवर दोन आखूड उंचवटे. पाच-सहा वेळा कात टाकली की तेच पंख होतात. अंडं, पिल्लू, प्रौढ असा हा सरळ प्रवास, अपूर्ण रूपांतरणाचा. शेवटची कात टाकली की वाढ थांबते. पंख फुटलेला कीटक त्यानंतर मोठा होत नाही. लहान माशी म्हणजे मोठ्या माशीचं पिल्लू, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. ती लहान जातीची पूर्ण वाढलेली माशी असते, किंवा अळी असताना तिला पोटभर मिळालेलं नसतं. पुस्तकांत सापडणारी कसर मात्र याला अपवाद. तिला पंख कधीच येत नाहीत आणि मोठी झाल्यावरही ती कात टाकत राहते.

दुसरा दिवस : ओढा

सकाळी जाळी, पांढरे ट्रे आणि मऊ कुंचले घेऊन ओढ्यावर गेलो. पांढऱ्या ट्रेत पाणी घेतलं की गाळाच्या रंगाचे जीवही उठून दिसतात. दगड उचलायचा, खालची बाजू ट्रेत हलकेच धुवायची, दगड होता तसाच परत ठेवायचा.

पहिल्याच दगडाखाली मेफ्लायची पिल्लं निघाली. चपटी, मागे तीन लांब शेपट्या, आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले सतत फडफडत होते. मग चतुराच्या नात्यातल्या टाचणी या कीटकाचं पिल्लू आलं. सडपातळ अंग आणि टोकाला तीन चपटी पानं. तेही कल्लेच. कॅडिसफ्लायची अळी तर पहिल्यांदा दिसलीच नाही. ट्रेत वाळूच्या कणांची एक बारीक नळी पडली होती, ती चालायला लागली तेव्हा लक्षात आलं. तोंडातून निघणाऱ्या रेशमाने वाळूचे कण जोडून ती स्वतःभोवती घर बांधते.

सगळ्यांत जास्त वेळ गेला चतुराच्या पिल्लापाशी. मातकट, बसकं, केसाळ अंग, त्यावर चिकटलेला गाळ. आकाशात चमचमणाऱ्या चतुराचं बालपण हेच, यावर भाचीचा विश्वास बसेना. याचे कल्ले बाहेर दिसत नाहीत, कारण ते मलाशयात असतात. मागच्या बाजूने पाणी आत घ्यायचं, त्यातला ऑक्सिजन काढायचा, पाणी बाहेर सोडायचं. संकट आलं तर तेच पाणी जोरात मागे फेकायचं आणि झटक्यात पुढे निसटायचं. कुंचल्याने हलका स्पर्श होताच ते ट्रेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचलं.

त्याचं खाणं बघायला मिळालं हे आमचं भाग्य. ट्रेत डासाच्या अळ्याही आल्या होत्या. त्यांतली एक वळवळत जवळ आली. पिल्लू हललंसुद्धा नाही, आणि पुढच्या क्षणी अळी त्याच्या तोंडात होती. मधलं काही कुणालाच दिसलं नाही. चतुराच्या पिल्लाचा खालचा ओठ लांब आणि सांध्यात दुमडलेला असतो, टोकाला आकडे असतात, आणि तो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुढे फेकला जातो. सरांनी कुंचल्याच्या टोकाने तो ओठ हळूच उलगडून दाखवला. डोक्याखाली एवढा लांब अवयव दुमडून बसलाय, हे बाहेरून कळतही नाही.

पाण्यातलं हे आयुष्य जातीनुसार काही आठवड्यांपासून काही वर्षांपर्यंत चालतं. पंखांचं आयुष्य त्या मानाने थोडंच. आपण ज्याला चतुर म्हणतो, तो त्या प्राण्याच्या आयुष्याचा बहुतेकदा शेवटचा, छोटा भाग असतो.

जेवणानंतरच्या गप्पांत कुणीतरी विचारलं, कीटक माणसाएवढे का होत नाहीत? नळ्यांमधून हवा लांबवर पोहोचवायला मर्यादा पडते, हे एक कारण. दुसरं पुन्हा कवचाचं. फार मोठा देह कात टाकल्यावर स्वतःच्या वजनाखाली सावरणं कठीण. तरी सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी चतुरांच्या नात्यातला मेगान्यूरा नावाचा कीटक होता, त्याच्या पंखांचा विस्तार ६५ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. त्या काळी हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त होता आणि या आकारामागे तेही एक कारण असावं, असं अनेक अभ्यासक मानतात.

संध्याकाळी ओढ्याच्या शांत डोहात सरांना वेताच्या मुळाशी एक पिल्लू दिसलं. पाठीवरच्या पंखांच्या गाठी फुगलेल्या, डोकं आणि छाती पाण्याबाहेर. "उद्या पहाटे सगळे इथे," ते म्हणाले.

तिसरा दिवस : पहाट, रुई आणि पडदा

अंधारातच निघालो. टॉर्चवर लाल कागद लावला होता. पिल्लू पाण्यावर वीतभर चढून वेताला नख्या रुतवून घट्ट बसलं होतं. थोड्या वेळाने ते अंगाला झोके द्यायला लागलं, पकड पक्की आहे का तपासावी तसं. मग छातीच्या पाठीमागे एक उभी भेग पडली.

भेगेतून फिकट हिरवट पाठ वर आली, मग डोकं. दोन्ही डोळे जुन्या डोळ्यांच्या काचेतून सुटले तेव्हा तो रिकामा पारदर्शक मुखवटा जागच्या जागी राहिला. पाय एकेक करून बाहेर निघाले, आणि सगळा प्राणी मागे कलंडून उलटा लोंबकळला. फक्त पोटाचं टोक कातीत अडकलेलं. अशा अवस्थेत तो बराच वेळ निश्चल होता. "मावशी, मेला का तो?" भाचीने कुजबुजत विचारलं. सरांनी हातानेच थांबायची खूण केली. पाय कडक व्हायला वेळ लागतो. ते मऊ असताना घाई केली तर सगळंच फसतं.

मग एकाएकी तो पोटातून वर उसळला, पायांनी स्वतःच्याच कातीचं डोकं धरलं आणि उरलेलं पोट ओढून काढलं. ओल्या कापडासारखे चुरगळलेले चार पंख छातीला चिकटले होते. आता शरीरातलं द्रव त्यांच्या शिरांत भरायला लागलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत पंख मुळाकडून टोकाकडे उलगडत गेले. आधी दुधी, अपारदर्शक. पंख पुरे लांब झाल्यावर तेच द्रव पोटाकडे परतलं आणि आखूड, जाड पोट लांब, सडपातळ होत गेलं. उजाडलं तेव्हा पंखांतून पलीकडचा वेत दिसत होता. पहिलं उड्डाण अगदी अशक्त होतं, जेमतेम समोरच्या झाडापर्यंत. रंग भरायला अजून काही दिवस लागतील.

वेतावर राहिलेली कात सरांनी काढून तळहातावर ठेवली. मी भिंग लावलं. पाठीच्या भेगेतून पांढरे दोरे लोंबत होते. श्वासनळ्यांचं अस्तर! त्या प्राण्याने बाहेरचं कवच तर टाकलंच, पण शरीराच्या आत गेलेल्या श्वासनळ्यांचं अस्तरही ओढून काढलं होतं. अन्नमार्गाच्या पुढच्या आणि मागच्या भागाचं अस्तरही कातीबरोबर जातं. डोळ्यांवरचे असंख्य बारीक षट्कोनसुद्धा कातीत स्पष्ट दिसत होते. काही चतुरांच्या एका डोळ्यात सुमारे ३०,०००पर्यंत नेत्रिका असतात. या सहलीत इतकं काही पाहिलं, तरी मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी ते पांढरे दोरे निवडेन.

नऊच्या सुमारास रुईच्या झुडपांकडे गेलो. बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी तिथे हमखास मिळते. पिवळे, काळे, पांढरे पट्टे आणि पाठीवर मऊ काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. पुढे छातीला तीन जोड्या खरे, सांधेवाले पाय आणि मागे पोटाखाली मांसल पायांच्या पाच जोड्या. भाची म्हणाली, "सर, सहाच पाय म्हणालात ना?" मागचे ते खरे पाय नव्हेत. पान धरायला त्यांच्या तळाशी आकड्या असतात, आणि फुलपाखरात ते उरत नाहीत.

थोड्याच अंतरावर बिबळ्या कडवा स्वतःच फुलावर बसला होता, आणि तिने पुन्हा मोजून सांगितलं, चारच पाय! या कुळातल्या फुलपाखरांत पुढची जोडी आखडून छातीशी घेतलेली असते, चालायला ती वापरत नाहीत. दुर्बीण लावल्यावर ते दोन छोटे पाय सापडले, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

अळीचं काम खाणं. अंड्यातून निघाल्यावर पहिला घास बहुधा अंड्याच्या कवचाचाच. तंबाखूवर वाढणाऱ्या एका पतंगाच्या अळीचं वजन तीनेक आठवड्यांत सुमारे १०,००० पट वाढतं. फुलपाखरू मात्र सोंडेने मध पितं. आई आणि लेकरं एकाच पानासाठी भांडत नाहीत. कीटकांच्या ज्ञात जातींपैकी ८० टक्क्यांहून अधिक जाती या पूर्ण रूपांतरणाच्या वाटेने जातात, त्यामागे हे एक मोठं कारण मानलं जातं.

एका पानाखाली कोष लटकत होता. आत अळीचं नुसतं पाणी होतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. अळीचे बरेचसे स्नायू आणि आतडं विरघळतं, नव्याने घडतं. पण पंख, पाय, डोळे यांच्या पेशींचे छोटे पुंजके अळीच्या अंगात आधीपासून तयार असतात. सतराव्या शतकात यान स्वामरडाम यांनी अळीची त्वचा सोलून आतले होऊ घातलेले पंख लोकांना दाखवले होते. मेंदूही पुरता मोडत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अळ्यांना विशिष्ट वासाबरोबर विजेचा सौम्य धक्का देऊन तो वास टाळायला शिकवलं होतं. शेवटच्या टप्प्यात शिकलेल्या अळ्यांचे पतंग झाले, तरी ते तो वास टाळत होते.

कात कधी टाकायची हे ठरवणारं संप्रेरक म्हणजे एक्डायसोन. बुटेनांट आणि कार्लसन या शास्त्रज्ञांनी १९५४ साली रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोषांतून ते वेगळं केलं, तेव्हा हाती आलं अवघं २५ मिलिग्रॅम. दुसरं ज्युव्हेनाइल संप्रेरक. ते रक्तात भरपूर असताना अळी कात टाकते आणि पुन्हा अळीच होते. ते ओसरलं की कोष.

शेजारच्या झुडपावर एका वेगळ्याच अळीच्या अंगाला पांढरे, तांदळाएवढे कोष चिकटले होते. ते तिचे नव्हेत. परजीवी गांधीलमाशीने तिच्या शरीरात अंडी घातली होती, त्यांतल्या अळ्या तिला आतून खात वाढल्या आणि त्वचा फोडून बाहेर येऊन त्यांनी हे कोष विणले. ती अजून जिवंत होती. भाची तिथून लवकर निघाली. मलाही थांबवेना.

दुपारी विश्रांतीच्या वेळी मला चित्रकार मारिया सिबिला मेरियान आठवत होत्या. १६९९ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन त्या समुद्रमार्गे सुरिनामला गेल्या, कीटकांची रूपांतरं बघायला. अळी, कोष, फुलपाखरू आणि ज्या झाडावर ते जगतं ते झाड, सगळं एकाच चित्रात मांडायची त्यांची पद्धत. भाचीला हे सांगितलं तर तिने वहीचं नवं पान उघडलं आणि रुईचं पान काढायला घेतलं.

रात्री दोन झाडांमध्ये पांढरी चादर ताणून दिवा लावला. आधी लहान पतंग आले, मग भुंगेरे धडाधड आपटायला लागले. भुंगेऱ्याचे पुढचे पंख कडक झाकणं झालेली, उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले. माश्यांमध्ये उलट. त्यांचे मागचे पंख आक्रसून दोन बारीक गुंड्या उरल्यात, उडताना तोल सांभाळणाऱ्या. एका नर पतंगाच्या मिशा पिसांसारख्या फाटे फुटलेल्या होत्या. मादीचा गंध त्या दुरून पकडतात.

मग मेफ्लाय आले आणि सगळे पडद्याशी गोळा झालो. कालची पाण्यातली ती चपटी पिल्लं, आता पंख लावून. पण पंख धुरकट होते. पंख फुटल्यावरही आणखी एकदा कात टाकणारे कीटक आज फक्त हेच. चादरीवर बसल्या बसल्या एकाने पंखांसकट अंगावरचं पातळ आवरण सोडलं आणि आतून काचेसारख्या पंखांचा मेफ्लाय निघाला. प्रौढ मेफ्लायचं तोंड निकामी असतं. पंख असेपर्यंतच्या काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत त्याला फक्त जोडीदार शोधायचा असतो.

चादरीच्या कडेला लांब, जाळीदार पंखांचा एक कीटक बसला होता. सगळ्यांनी टाचणी म्हणून सोडून दिला. "मिशा बघा," सर म्हणाले. टाचणीच्या मिशा केसाएवढ्या आखूड असतात. याच्या लांब आणि टोकाशी जाड होत्या. "याचं बालपण उद्या दाखवतो."

निघायचा दिवस : वाळू

गाडी यायला तासभर होता. सर आम्हाला एका कपारीखाली घेऊन गेले. पाऊस पोहोचत नाही अशी कोरडी, भुसभुशीत माती आणि तिच्यात निमुळते खड्डे. एक मुंगी कडेवरून घसरली. ती वर चढू लागली तसा तळातून मातीचा मारा सुरू झाला, आणि दोन वाकडे जबडे वर आले. हा मुंगीसिंह, कालच्या जाळीदार पंखवाल्याची अळी. शिकारीचं रक्त शोषून तो महिनोन् महिने, कधी वर्षाच्या वर इथे राहतो. त्याच्या मधल्या आतड्याचा मागच्या आतड्याशी मार्गच जोडलेला नसतो, त्यामुळे सगळी विष्ठा साठत जाते आणि पंख फुटून बाहेर आल्यावरच पडते. मोठा झाला की तो मातीत रेशमाचा गोल कोष विणतो.

भाचीच्या वहीत आता नाकतोडा, चतुर, मेफ्लाय, बिबळ्या कडवा आणि मुंगीसिंह यांची पानं आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर एक चौकट रिकामी आहे : अंडं. म्हणून पुढच्या वेळी फक्त अंडी शोधायची असं ठरलंय. रुईच्या पानावर एकेकटी चिकटवलेली, फांदीवर फेसाच्या गोळ्यात घातलेली खंडोबाच्या घोड्याची, आणि लेसविंग या जाळीदार पंखांच्या कीटकाची, जी प्रत्येक अंडं रेशमाच्या उभ्या देठाच्या टोकावर ठेवते, म्हणजे आधी निघालेलं पिल्लू शेजारची अंडी खात नाही.